लाल सदऱ्यातला चव्वेचाळीस

हॅर्लो, नेब्रास्का
रविवार, १४ ऑगस्ट १९९४

प्रिय केंडल,

तुला, जोलीनला आणि तुमच्या दोन्ही वानरांना आम्हा दोघांचं भरपूर प्रेम. आम्ही मजेत आहोत. मंगळवारी गारा पडल्या. शेजारच्या शुल्ट्झच्या मक्याच्या पार चिंध्या झाल्या, पण माझे टोमॅटो वाचले, कारण आभाळाचा रंग बघून मी आधीच त्यांच्यावर जुन्या चादरी टाकल्या होत्या. जत्रेत माझ्या बिटाच्या लोणच्याला दुसरा नंबर मिळाला. पहिला आयरीनला. तिचं लोणचं खाऊन अजून कुणी दगावलं नाही, एवढंच तिच्या बाजूने बोलता येईल.

तुझी सरावाची टेप गुरुवारी आली. तुझ्या बाबांनी आणि मी दोनदा बघितली. त्यांचा उजवा खांदा अजून धरलेलाच आहे, त्यामुळे गेल्या वर्षासारखंच ते सांगतात आणि मी लिहून घेते. अक्षर माझं, अक्कल त्यांची.

तर तुझा प्रश्न. तुझ्या डॅनबोरोच्या फुटबॉल संघात, पुढच्या फळीमागून चेंडूवाल्याला पाडायला, लाइनबॅकरच्या दोन जागा, त्यातली एक तुझ्या कप्तानाची. उरलेल्या एकीसाठी तीन पोरं, आणि पहिला सामना दोन सप्टेंबरला. तू म्हणतोस कुचेरा. बाबा म्हणतात, घाई करू नकोस.

चव्वेचाळीस नंबरचा कुचेरा दिसायला राजबिंडा आहे, ते त्यांनाही मान्य आहे. सहा फूट दोन इंच, खांदे असे की दारातून आडवं जावं लागेल. आणि आदळतो जोरात. पण टेप हळू करून बघ. चेंडू हलला की त्याचे डोळे चेंडूच्या मागे जातात आणि डोळ्यांच्या मागे सगळा कुचेरा जातो. तुला लहानपणापासून सांगितलेलं आहे की लाइनबॅकरने समोरच्या फळीतल्या गार्डचे पाय बघायचे. चेंडू दाखवतो एकीकडे आणि जातो दुसरीकडे. तो जाडजूड गार्ड मात्र जिकडे जायचं तिकडेच पाय टाकतो, बिचाऱ्याला नाटक जमत नाही. तिसऱ्या खेळीत गार्ड उजवीकडे गेला, कुचेरा डावीकडे धावला आणि तिथे जोरात आदळला, पण तिथे कुणी नव्हतंच.

हॉफर्ट, म्हणजे बावन्न नंबर, तो पोरगा पुस्तक पाठ करून आलाय. सगळं बरोबर करतो, फक्त उशिरा करतो. बाबांचं मत असं की सुधारणार असेल तर हाच. अशी पोरं ऑक्टोबरात पिकतात. राहता राहिला छत्तीस नंबरचा रुईझ. तो फारच लहानखुरा आहे, त्याला पुढल्या वर्षी बघू.

म्हणजे हॉफर्ट. कुचेरा आहे तसाच राहील, कारण आदळल्यावर त्याला टाळ्या मिळतात आणि टाळ्या मिळणारं पोर शिकत नाही, असं बाबा म्हणतात.

फोनवर त्यांच्याशी बोलायचं म्हणालास. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही रे, आणि कानाचं यंत्र लावायची लाज वाटते. आणि पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशीच्या जेवणाला त्यांना आणायचं, त्यांनी पोरांना दोन शब्द सांगायचे, ही कल्पना छान आहे, पण तीनशे मैल गाडीत बसायचं म्हणजे खांद्याचं कठीण. बघू.

तू पत्राच्या शेवटी लिहिलंस की 'बाबांना पोरं निवडायची नजर होती, फक्त एकदा चुकली.' तुझ्या त्या शेवटच्या वर्षाचा विषय काढायचा नाही असं आपलं ठरलं आहे ना? मग मीही काढत नाही.

पोरांना पाणी भरपूर पाज. ऊन मरणाचं आहे.

तुझी,
आई


हॅर्लो
बुधवार, २४ ऑगस्ट १९९४

प्रिय केंडल,

तुझं पत्र मिळालं. वाचून दाखवताना मला मध्येच थांबावं लागलं, कारण बापाशी बोलायची ही रीत नव्हे. 'तुम्हीच म्हणायचात की बाकी सगळं शिकवता येतं, आदळणं शिकवता येत नाही, मग आता कुचेरात खोट का काढता?' खोट काढणं हेच त्यांचं काम होतं, बाळा. एकतीस वर्षं गाव त्यांना त्यासाठीच 'कोच' म्हणत होतं.

आता बातमी ऐक, आणि हुरळून जाऊ नकोस. दुसरी टेप शनिवारी आली. आम्ही ती तीनदा बघितली आणि बाबांनी आपलं मत बदललं आहे. कुचेराला खेळव.

एका आठवड्यात त्या पोराला तू काय पाजलंस कोण जाणे. लाल सदऱ्यातला चव्वेचाळीस, पहिल्यांदा मला वाटलं दुसराच कुणी आहे, इतका बदललाय. पाय जमिनीला चिकटलेले. डोळे गार्डवर. चेंडूवाला समोरून दोनदा फसवायला गेला, हा ढिम्म. मग गार्ड सरकला आणि हा त्याच्या बगलेतून असा आत शिरला की पलीकडच्याला कळलं तेव्हा तो आडवा झालेला होता. आणि पाडलं कसं, तर खालून, डोकं वर ठेवून, मिठी मारून. एकदा पडला तर उठताना समोरच्या पोराला हात देऊन उठवलं. गेल्या टेपमध्ये हाच कुचेरा छाती काढून फिरत होता. तेव्हा तुझं बरोबर आणि आमचं चूक. बाबा म्हणतात, माझं चुकलं, पोरगं सुधारलं.

फक्त एक गोष्ट. टेप जरा लांबून घेतलेली आहे आणि चेहरे दिसत नाहीत, पण तो मला जरा बारीक झाल्यासारखा वाटला. जेवतो ना नीट? या वयात पोरं प्रेमातबिमात पडली की जेवण टाकतात. तू स्वतः त्या दंतवैद्याच्या मुलीपायी दोन आठवडे फक्त दुधावर होतास.

हॉफर्ट वाईट नाही, पण आता वाट बघू दे त्याला.

इकडे ठीक. काल मका सोलून, उकडून, डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवला, चाळीस डबे. बाबांनी मदत केली. ते सगळी सालं एकाच बाजूला तोंड करून रचून ठेवतात, फार नीटनेटकं. जेवणाच्या कार्यक्रमाला येणं काही जमेलसं दिसत नाही, तेव्हा त्यांच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसव. त्यांच्या शुभेच्छा आहेतच.

जोलीनला म्हणावं कोबी-खिम्याच्या पावाचं पीठ रात्रभर थंड जागी ठेवायचं. गरम जागी ठेवलं म्हणून ते रबरासारखं झालं.

तुझी,
आई


हॅर्लो
रविवार, २८ ऑगस्ट १९९४

केंडल,

काल तू फोन केलास आणि म्हणालास, 'बाबांना दे.' मी म्हटलं झोपलेत. तू म्हणालास, 'सकाळी दहा वाजता?' मग तू बोललास आणि मी ऐकत राहिले. तू चिडला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू अगदी हळू बोललास.

तू जे म्हणालास ते इथे पुन्हा लिहिते, म्हणजे मला पळवाट राहणार नाही. तू म्हणालास, 'आई, लाल सदऱ्यातला चव्वेचाळीस कुचेरा नाही. तो रुईझ आहे. पहिल्या सामन्यात ज्यांच्याशी गाठ आहे त्यांचा चव्वेचाळीस नंबर फार चांगला आहे, म्हणून सरावात त्याचं सोंग आम्ही रुईझला दिलं. दुसऱ्या फळीची पोरं त्या आठवड्यात लाल सदरे घालतात आणि त्यांवर समोरच्या संघाचे नंबर चिकटवतात. ही पद्धत या भागात बाबांनी आणली. एकतीस वर्षं दर सोमवारी त्यांनी स्वतः नंबर चिकटवले. ते झोपेतसुद्धा ही चूक करणार नाहीत. आणि माझं चुकलं असं तर त्यांनी जन्मात म्हटलेलं नाही. ही पत्रं कोण लिहितंय?'

मी लिहिते आहे, केंडल.

अक्षरही माझं आणि मतंही माझी. हे पत्र, त्याआधीची दोन, आणि गेल्या वर्षीची सगळी.

ते लाल सदरे मी एकतीस वर्षं धुतले. बाह्यांवर चिकटपट्टीचा डिंक राहायचा, तो रॉकेलच्या बोळ्याने घासून काढायचे आणि मनात म्हणायचे, फाटके सदरे चिकटवून वापरतात, शाळा किती चिक्कू. एकदा विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण सरावाच्या मैदानाचं फाटक बंद असायचं. बायकांनी तिथे यायचं नाही, बायकोने तर नाहीच नाही, आणि त्या फाटकामागे काय चालतं ते विचारायचंही नाही, असा रिवाज. मी सामने बघितले. सगळे बघितले. सराव एकही नाही. म्हणून पकडले गेले.

तुझ्या बाबांची आठवण जाते आहे. खांद्याला काहीही झालेलं नाही. कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. गेल्या वर्षी तू पहिल्यांदा टेप पाठवलीस, तेव्हा ते पिवळी वही घेऊन बसले, अर्धं पान लिहिलं आणि पेन हातात धरून थांबले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मग मला म्हणाले, 'लव्हॉन, तो गार्डच्या समोर उभा असतो त्याला काय म्हणतात गं?' मी म्हटलं, लाइनबॅकर. ते म्हणाले, 'हां, तो.' आणि वही माझ्याकडे सरकवली. उरलेलं अर्धं पान मी पुरं केलं. त्या वेळी वाटलं, एकदाच करायचंय.

डॉक्टरांनी हिवाळ्यात आजाराचं नाव सांगितलं. मला ते लिहायचं नाही. तू जोलीनला विचार, ती नर्स आहे, मी लिहिलेलं तिला वाचून दाखवलंस तर ती ओळखेल. आता ते दिवसभरात फार थोडं बोलतात. कपड्यांच्या घड्या घालतात, घातलेल्या मोडतात, पुन्हा घालतात. मला बहुतेक दिवशी ओळखतात. मागल्या रविवारी गळ्यात शिट्टी घालून चर्चला आले आणि प्रवचन लांबलं तेव्हा वाजवली. लोकांनी हसून घेतलं, पाद्रीबुवांनीसुद्धा. गाव चांगलं आहे. सगळ्या गावाला माहीत आहे, केंडल. फक्त तुला माहीत नव्हतं, कारण मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

का? तेच सांगायला ही तिसऱ्यांदा वही उघडली आहे. दोन पानं फाडली.

तुझी टेप लावली की ते येऊन माझ्या शेजारी बसतात. इतर वेळी खोलीतून खोलीत फिरतात, काहीतरी शोधतात, काय ते त्यांनाही सांगता येत नाही. टेप चालू असेपर्यंत फिरत नाहीत. गार्ड सरकला की त्यांचं बोट गुडघ्यावर सरकतं, त्याच बाजूला. नावं गेली, गावं गेली, ते बोट अजून चुकत नाही. मला भीती वाटली की तुला कळलं तर तू टेपा पाठवणं बंद करशील. आंधळ्यापुढे आरसा कशाला धरायचा, असं म्हणशील. आणि मग आमच्या घरात तो एक तासही उरणार नाही.

हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं माझं स्वतःचं आहे आणि ते सांगायला जास्त लाज वाटते. मला आवडत होतं. गेल्या वर्षी तुझ्या संघाने जिल्ह्याचा सामना जिंकला आणि तू वर्तमानपत्राला सांगितलंस की तो लाइनबॅकर निवडायचा सल्ला माझ्या वडिलांचा. मी ते कात्रण कापून शिवणाच्या डब्यात ठेवलं आणि आठवडाभर दिवसातून दोनदा वाचलं. मला त्रेसष्टावं लागलं आहे. स्वयंपाक, लोणचं आणि टोमॅटो सोडून कुठल्या बाबतीत माझं मत कुणी मागितलं नव्हतं. तू तर पानं भरभरून वाद घालत होतास. बाबांशी घालत होतास ते खरं, पण उत्तर मी देत होते ना.

मला कुठून कळतं म्हणशील, तर असं काही विशेष नाही. एकतीस वर्षं शुक्रवारच्या सामन्याला तिसऱ्या रांगेत बसले. बाकीच्या बायका चेंडू बघायच्या. मी लाइनबॅकर बघायचे, कारण ते चुकले की शनिवार-रविवार आमच्या घरात वादळ. रविवारी दुपारी ते जेवणघराच्या भिंतीवर फिल्म लावायचे, मी बटाटे सोलत बसायचे. ते विचारायचे, 'तुला काय दिसलं?' मी सांगायचे. सोमवारी ते पोरांना सांगायचे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. नवरा-बायकोत तुझं-माझं कसलं?

आता जे आपण काढायचं नाही असं ठरवलंय, ते मीच काढते.

पंच्याहत्तरच्या शरदात, तुझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षी, चौथ्या सामन्यानंतर गाडीतून घरी येताना त्यांनी विचारलं, 'केंडलचं काय वाटतं?' असं त्यांनी तुझ्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. आवाजावरून कळलं की त्यांना 'चांगला खेळतोय' असं ऐकायचंय. मी म्हटलं, पहिलं पाऊल मागे टाकतो. दर वेळी. नीसच्या पोराला त्याच्या जागी घ्यावं लागेल. त्यांनी सोमवारी तुला बाकावर बसवलं, आणि तू उरलेलं वर्ष बाकावर काढलंस. नाताळपर्यंत तू बापाबरोबर एका टेबलावर जेवला नाहीस. मी दोन पाळ्यांत ताटं वाढली आणि तोंड उघडलं नाही. त्यांनीही कधी माझं नाव सांगितलं नाही. एकोणीस वर्षं तू त्यांच्यावर जो राग धरलास तो माझा होता.

आणि मी बरोबर होते, हे त्याहून वाईट. तू मागे पाऊल टाकत होतास, बाळा. पण आई म्हणून दोन आठवडे थांबता आलं असतं. तुलाही दोन आठवडे मिळायला हवे होते.

आता कामाचं, कारण शुक्रवार पाच दिवसांवर आहे. फोनवर तू म्हणालास, मग आता मी कुणाचं ऐकू? माझं ऐक. ते वाया गेलं तर शिव्या मला घाल.

रुईझला खेळव. पहिल्या पत्रात मी त्याला एका ओळीत उडवला, त्याची उंची बघून. चूक बाबांची नाही, सगळी माझी. दुसऱ्या टेपमध्ये मला त्याचं नाव माहीत नव्हतं म्हणून त्याचा खेळ दिसला. नाव माहीत असतं तर पुन्हा उंचीच दिसली असती. मी कुचेरा समजून ज्याचं एवढं गुणगान केलं, तो पोरगा पाच फूट सहा इंचांचा आहे, हे मला आधी कळलं नाही यातच सगळं आलं. पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण आपण पाळण्याचा आकारच बघत बसतो.

शेवटचं एकच मागणं. मला जे बोलायचं असेल ते बोल, महिनाभर बोलू नकोस, चालेल. टेप मात्र थांबवू नकोस.

आई


हॅर्लो
बुधवार, ७ सप्टेंबर १९९४

प्रिय केंडल,

सोमवारी सुटी होती म्हणून टपाल काल आलं. मी दारातच उभी होते. पोस्टमन म्हणाला, 'लव्हॉन, कुणी प्रियकर आहे काय?' त्याला म्हटलं, आहे, छत्तीस वर्षांचा, आणि त्याचं टक्कल पडत चाललंय.

पाकिटात पत्र नव्हतं. फक्त टेप, तिच्यावर तुझ्या वाकड्या अक्षरात 'आईसाठी', आणि एक चिठ्ठी: 'छत्तीस? बावन्न? चव्वेचाळीस? सविस्तर लिही. मी ऑक्टोबरात सामना नसेल त्या आठवड्यात येतोय.'

चिठ्ठी वाचून मी ओट्याशी उभी राहून रडले. मग टेप लावली.

सविस्तर ऐक. हॉफर्टने सुरुवात केली हे तू बरोबर केलंस, मी सांगितलं नसलं तरी. तो रुईझपेक्षा एका वर्गाने मोठा आहे, त्याचा मान होता. सामन्याच्या दुसऱ्या पाव भागात रुईझला पाठवलंस आणि चौथ्याच खेळीत त्याने माती खाल्ली. चेंडूवाल्याने हूल दिली, हा हलला, आणि मागून त्यांचा पोरगा सरळ रेषेपार गेला. ते सहा गुण त्याच्याच माथी. सामना आपण एका गुणाने हरलो, म्हणजे हिशेब मांडणारे तुझ्या गावात चिक्कार असतील. न्हाव्याच्या दुकानात महिनाभर जाऊ नकोस. केस तसेही कमीच आहेत.

पण त्या खेळीनंतर तू त्याला बाहेर काढलं नाहीस. टेप मागे घेऊन मी ते परत बघितलं. तो मान खाली घालून बाकाकडे यायला निघाला होता. त्याला वाटलं गेली आपली जागा. तू रेषेवर गेलास, एक गुडघा टेकलास, त्याच्या हेल्मेटची जाळी धरून काहीतरी सांगितलंस आणि परत पाठवलंस. काय सांगितलंस ते मला ऐकू आलं नाही. पण त्यानंतर तो एकदाही हलला नाही. शेवटच्या पाव भागात गार्ड सरकला आणि रुईझ आत घुसला तेव्हा मी खुर्चीतून उठले. अकरा वेळा पाडलं त्याने, मी मोजलं. सुधारेल तो, सुधारतोच आहे. जागा त्याची.

कुचेराला लाइनबॅकर करायचा हट्ट सोड. त्याला पुढच्या फळीच्या टोकाला लाव, तिथे चेंडूच्या मागे धावणं हेच काम असतं. जी खोड म्हणून मोडत होतास तीच त्याला खायला घालेल. हॉफर्टला सांग की पुढचं वर्ष त्याचं आहे, आणि हे त्याला आत्ताच सांग, नोव्हेंबरात नको. बाकावर बसलेल्या पोराला कुणी काही सांगत नाही, तो अंदाज बांधत बसतो.

पंच्याहत्तर सालाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मी विचारणार नाही. ऑक्टोबरात माझ्या समोर बसून भांडायचं असेल तर भांड, मी दालचिनीचे रोल करून ठेवते, म्हणजे मध्ये खायला होईल.

येशील तेव्हा एका गोष्टीची तयारी ठेव. ते तुला ओळखतील की नाही सांगता येत नाही. तुझं नाव गेले काही आठवडे त्यांच्या तोंडून आलेलं नाही. मी फोटो दाखवते, ते मान हलवतात, सभ्यपणे, अनोळखी माणसाकडे बघून हलवतात तशी. तुला लागेल ते. मला लागलं. ते तुला विसरले याचा अर्थ लावत बसू नकोस, त्याला काही अर्थ नाही.

आणि आता ते एक, ज्यासाठी हे पत्र आजच टाकायचंय.

काल दुपारी टेप बघताना ते माझ्या शेजारी होते. तू रेषेवर गुडघा टेकून रुईझशी बोलत होतास, तिथे त्यांनी माझा हात धरला. थांबव म्हणून खूण केली. मी थांबवलं. पडद्यावर तू होतास, टोपी मागे सरकलेली, तोंड त्या पोराच्या कानाशी.

म्हणाले, 'हा कोच कोण आहे?'

मी म्हटलं, डॅनबोरोचा आहे, नवीन आहे.

मग म्हणाले, 'ओरडत नाही. मी ओरडायचो.' आणि थोड्या वेळाने, 'पोरगं चुकलं तरी काढलं नाही त्याने. मला नाही जमलं ते.'

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पडद्याकडेच बघत होते.

'याचा बाप तुझ्या ओळखीचा आहे का?' त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आहे.

'मग त्याला सांग,' ते म्हणाले, 'पोरगा त्याच्यापेक्षा चांगला निघाला.'

आजवरच्या सगळ्या पत्रांत 'बाबा म्हणतात' म्हणून मी जे लिहिलं ते माझं होतं. हे त्यांचं आहे. यात मी एक शब्द घातलेला नाही आणि एक गाळलेला नाही.

तुझी आई,
लव्हॉन